चांगला लेखक कोणास म्हणावे?
(दोडामार्ग येथे केलेले भाषण)



चांगला लेखक कोणास म्हणावे, असा आजचा प्रश्न आहे. जो अलंकारांनी नटलेली भाषा लिहितो तो, असे उत्तर पुष्कळांच्या ओठांवर असते. मला ते मान्य नाही. मी वकील आहे. कोर्टात शब्दांचा पिसारा टिकत नाही; पुरावा टिकतो. लेखनाची कसोटीही तीच मानावी.

या कसोटीस उतरलेले उदाहरण आपल्या घरचेच आहे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या 1936 सालच्या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी पाचारण केले. भाषण वाचल्यावर मंडळ बिचकले. काही मजकूर गाळावा, असा आग्रह झाला. बाबासाहेबांनी तो मानला नाही. परिषद रद्द झाली. तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. अध्यक्षपदाचा मान गेला तरी चालेल, पण विचाराला कात्री लागता कामा नये, हा लेखकाचा पहिला धर्म होय.

दुसरा धर्म याहून कठीण आहे. गांधीजींनी 'हरिजन' पत्रातून त्या भाषणावर टीका केली. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका छापली आणि सोबत आपले उत्तर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे दडपून मिळविलेला जय म्हणजे एकतर्फी हुकूमनामा. तो अपिलात टिकत नाही.

तिसरी गोष्ट, वाचकाची ओळख. तो इंग्रजी ग्रंथ इंग्रजी वाचणाऱ्या जगासाठी होता. परंतु 1920 चा 'मूकनायक' आणि 1927 चा 'बहिष्कृत भारत' मराठीत निघाले, कारण ज्यांच्यासाठी ते होते त्यांची भाषा ती होती.

आता आपल्या कोकणाकडे पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातील ऊर्मिला पवार यांनी 2003 साली आत्मकथन प्रसिद्ध केले व त्यास 'आयदान' हे नाव दिले. आयदान म्हणजे बांबूच्या सुपा-टोपल्या. त्यांची आई त्या विणून संसार चालवीत असे. ज्या कामास जगाने हलके ठरविले, त्याचेच नाव त्यांनी ग्रंथाच्या मस्तकी ठेवले. हे धैर्य उसने आणता येत नाही.

म्हणून तरुणांना माझे सांगणे आहे : आपल्या आजी-आजोबांना पाणवठ्यावर कोणी अडविले, कसलेली जमीन कोणाच्या नावे लागली, धम्मदीक्षेनंतर घरातले काय बदलले, हे गाव आणि सालासह लिहून ठेवा. ऐकीव ते ऐकीव म्हणा, पाहिलेले ते पाहिलेले म्हणा. ती पिढी गेल्यावर हे साक्षीदार पुन्हा उभे राहणार नाहीत.

जय भीम.