रेडिओची खरखर आणि एक प्रमाणपत्र
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



मी बँकेतला कारकून, शिक्षण बी.ए. मी इंजिनिअरिंगवर बोलावे हे काहींना विचित्र वाटेल; मलाही वाटते. परंतु माझ्या भाच्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. ती इतर पालकांकडून होऊ नये म्हणून उभा आहे.

लहानपणी आपण नागपूर आकाशवाणी ऐकायचो. गल्लीतून लुना गेली की रेडिओ खरखरायचा, कारण तिच्या प्लगमधली ठिणगी रेडिओलहरीही फेकत असते. एका यंत्राने दुसऱ्याला त्रास देऊ नये आणि दुसऱ्याचा त्रास सोसून आपले काम चालू ठेवावे, या विद्येला विद्युतचुंबकीय सुसंगतता म्हणतात. कारखान्यात नुसते ‘ईएमसी’. रेडिओची खरखर चालून जाते हो. पण रुग्णालयातला मॉनिटर गोंधळला तर? पुलगावचा दारूगोळा डेपो आपल्याच जिल्ह्यात आहे. विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरमध्ये एक बारीक तार असते. जवळ शक्तिशाली ट्रान्समीटर असेल तर जोडलेल्या वायरांत प्रवाह उत्पन्न होऊन ती तापू शकते. म्हणून अशा वस्तूंना धातूचे आवरण, फिल्टर आणि सुरक्षित अंतर लागते.

युरोपात 1 जानेवारी 1996 पासून विजेच्या मालाला ईएमसीचे नियम सक्तीचे झाले. आपल्याकडे दूरसंचार उपकरणांची सक्तीची चाचणी 2019 मध्ये सुरू झाली. पुण्याची एआरएआय वाहनांची, मुंबईची समीर ही संस्था इलेक्ट्रॉनिक उपकरणांची अशी तपासणी करते. म्हणजे या कामाला माणसे लागतातच.

भाचा डिप्लोमा करून अशाच एका खासगी प्रयोगशाळेत लागला. घरी येऊन सांगे, ‘मामा, लोखंडी खोली, आत भिंतीभर स्पंजचे शंकू. लहरी शोषून घेतात.’ मी म्हणालो, हे कसले काम? बँकेच्या परीक्षेला बस. त्याने माझे ऐकले, दोन वर्षांची नोकरी सोडली. ‘टेंपररी तर होती’ म्हणून अनुभवाचे पत्रसुद्धा मी त्याला घेऊ दिले नाही. बँकेच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला. तोवर ती कंपनीही बंद पडली.

पुढे तो पुन्हा त्याच कामाकडे वळला, तेव्हा प्रमाणपत्राची माहिती कळली. अमेरिकेत नार्टे या संस्थेने 1988 मध्ये, तिथल्या नौदलाच्या पुढाकाराने, ईएमसी इंजिनिअरांना प्रमाणपत्र देणे सुरू केले. पुढे हे काम एक्झेम्प्लर ग्लोबलकडे गेले. शिक्षण, प्रत्यक्ष कामाची वर्षे, ओळखणाऱ्या जाणकारांची पत्रे आणि लेखी परीक्षा असा हा मार्ग. इंजिनिअरखेरीज टेक्निशियनचीही श्रेणी आहे, म्हणून डिप्लोमावाल्या मुलाला दार अगदीच बंद नाही. हे सरकारी लायसन्स नव्हे, त्यावाचून नोकरी अडत नाही. पण कॉलेज कोणते, ओळख कोणाची, याच्या पलीकडे तुमचे काम बोलते, हे मला मोलाचे वाटते.

परीक्षेत पुस्तके उघडून बसता येते म्हणे. मी म्हटले, ही तर कॉपी! भाचा हसला. पुस्तकात उत्तर नसते, गणित तुम्हालाच करावे लागते. मर्यादेपेक्षा 6 डेसिबल जास्त म्हणजे किंचित जास्त नव्हे, लहरींची तीव्रता दुप्पट. 20 म्हणजे दहापट. एवढे तर मलाही कळले.

अडले ते कागदावर. ती पहिली दोन वर्षे तो कशाच्या आधारे दाखवणार? जन्मभर मी लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढल्या आणि घरच्या मुलाचा कागद मीच राहू दिला. आता तो रोज वही लिहितो : कोणते उपकरण, कोणत्या मानकावर तपासले, कुठे नापास झाले, काय बदलल्यावर पास झाले. महिनाअखेर साहेबांची सही घेतो. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांनो, पहिल्या पगाराच्या आधी ही वही घ्या.

संस्थेच्या वाचनालयासाठी एक विनंती आहे. क्लेटन पॉल यांचे 1992 चे आणि हेन्री ऑट यांचे 2009 चे पुस्तक घ्यावे. दोन्ही इंग्रजी आणि महाग. एकाचे पैसे मी देतो, दुसऱ्याचे कार्यकारिणीने पाहावे. भाचा पुढच्या महिन्यात रजेवर येणार आहे, रविवारी दोन तास डेसिबलचे गणित शिकवायला तयार आहे. ज्यांना बसायचे असेल त्यांनी जाण्यापूर्वी सचिवांकडे नाव द्यावे.