दोन ग्रॅम मेटॉल

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवला आहे: कृष्णधवल रोल घरी धुण्यासाठी लागणारे डेव्हलपर कसे बनवतात. मघाशी चहाच्या वेळी दोघांनी विचारले, "तयार पुडी मिळत नाही का रे?" मिळते. पण पुडी फोडली की सगळीच कालवावी लागते, आणि माझे महिन्याला जेमतेम दोन रोल होतात. सुटी रसायने घरात असली की लागेल तेवढे ताजे बनवता येते. हे झाले व्यवहारी उत्तर. दुसरे कारण थोड्या वेळाने सांगतो, त्यात तुम्हा सर्वांचा वाटा आहे.

मी वापरतो ते सूत्र कोडॅकचे डी-७६. १९२७ पासून ते चालत आले आहे. एक लिटरसाठी मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम. बस, एवढेच. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन फिल्मवरच्या उजेड लागलेल्या कणांची चांदी करतात. ही जोडी एकेकट्याच्या बेरजेपेक्षा जास्त काम करते. (आपल्या वर्गातही अशा जोड्या होत्या, त्यांचे काम वेगळे होते.) टाकणखार द्रावण किंचित अल्कधर्मी ठेवतो. सल्फाइट या दोघांना हवेपासून वाचवते आणि चित्राचे कणही थोडे बारीक राखते.

आता मोजण्याकडे येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला तराजू आठवतो ना? वजने चिमट्यानेच उचलायची, काटा स्थिर झाल्याशिवाय वाचायचा नाही. त्या वेळी आपल्याला तो जाच वाटे. पण प्रत्येक वस्तू सारख्याच कसोशीने मोजायची गरज नसते, हेही खरे. सल्फाइट १०० ऐवजी १०२ ग्रॅम पडले तर फरक दोन टक्के, फिल्मला तो कळणारही नाही. मेटॉल २ ऐवजी अडीच ग्रॅम पडले तर फरक पंचवीस टक्के! स्वयंपाकघरातला काटा एकेका ग्रॅमने पुढे सरकतो. त्यावर 'दोन' दिसले तरी खरे वजन दीड ते अडीचमध्ये कुठेही असू शकते. चमच्याचेही तेच, भुकटी सैल की दाबलेली यावर सगळे अवलंबून. बारीक काटा नसेल तर दहा ग्रॅम मेटॉल तोलावे आणि कागदावर पाच सारखे वाटे करावेत, वैद्य पुड्या बांधत तसे. डोळ्यांचा अंदाज त्या काट्यापेक्षा बरा निघतो.

क्रमही पाळावा लागतो. साधारण ५० अंशांचे ७५० मिलिलिटर पाणी घ्यायचे. सल्फाइट भरपूर असलेल्या पाण्यात मेटॉल नीट विरघळत नाही, म्हणून मेटॉल आधी. पण नुसत्या पाण्यात ते हवेने लवकर खराब होते, म्हणून त्याच्याही आधी सल्फाइटची एक चिमूट. मग उरलेले सल्फाइट, हायड्रोक्विनोन, टाकणखार. एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरे टाकायचे नाही. शेवटी थंड पाणी घालून एकूण एक लिटर करायचे. मी ते रात्रभर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी वापरतो. गडद बाटल्या काठोकाठ भरायच्या, आत हवा राहू द्यायची नाही.

दुकानात चिठ्ठी नीट वाचा. सल्फाइट, सल्फेट, सल्फाइड ही तीन वेगळी माणसे आहेत. सल्फाइट स्फटिकरूप मिळाले तर त्यात पाण्याचे सात रेणू असतात. रेणुभार १२६ चा २५२ होतो, म्हणून १०० ऐवजी २०० ग्रॅम घ्यायचे. आणि कॅरमची पावडर म्हणजे बोरिक आम्ल, टाकणखार नव्हे. घरात आहे म्हणून ती घालू नका. मेटॉलने काहींच्या हातांना पुरळ येते, म्हणून हातमोजे घाला. या कामाची भांडी परत स्वयंपाकघरात न्यायची नाहीत.

एवढे तोलूनमापून मग तापमानाकडे दुर्लक्ष केले तर सगळे फुकट. इलफर्डची एचपी-५ प्लस फिल्म याच जातीच्या डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटे घेते. २४ अंशांना जवळपास पाचच. मे महिन्यात आपल्याकडे नळाचे पाणी तिशीच्या आसपास असते. मी टँक घमेल्यात ठेवतो आणि बाजूला बर्फाची पिशवी सोडतो.

आता दुसरे कारण. आपले विज्ञानाचे सर आज आपल्यात नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या कन्येने मला एक डबी दिली. वर सरांच्या अक्षरात 'पन्हाळा, ९ वी अ' असे लिहिले आहे. आत ३५ मिलिमीटरचा कृष्णधवल रोल आहे, टोक आत गुंडाळलेला, म्हणजे बहुधा पूर्ण काढलेला आणि कधीच न धुतलेला. इतक्या वर्षांत फिल्मवरचा अदृश्य ठसा फिकट होतो आणि एकूण धुरकटपणा वाढतो. काय उरले असेल ते टँकमध्ये गेल्यावरच कळेल, आणि ते काम एकदाच करता येते.

म्हणून त्या दिवशी डेव्हलपर ताजे असेल, पाणी न मिसळलेले. आधी दुसऱ्या एका फिल्मचा उजेड लागलेला तुकडा त्यात उजेडातच बुडवीन. तो काही मिनिटांत काळाकुट्ट झाला तर डेव्हलपर जिवंत आहे. मग अंधारात सरांच्या रोलच्या टोकाचा बोटभर तुकडा कापून तेवढाच धुवायचा आणि त्यावरून बाकीच्या रोलची वेळ ठरवायची. अडचण अशी की टोकाकडचा भाग म्हणजे सहलीतला पहिला फोटो. तो बहुतेक कापला जाईल. मला आठवते त्याप्रमाणे सरांनी पहिला फोटो एसटी स्टँडवर काढला होता, सगळे बसच्या टपावर सामान चढवत असताना. हा तुकडा न कापता अंदाजाने धुणे मला पटत नाही, पण रोल माझ्या एकट्याचा नाही.

जानेवारीत पाणी आपोआप विशीला येते, तेव्हा हे काम करायचे आहे. कोणाची हरकत असेल तर जेवणाच्या वेळी मला सांगा. मी दारापाशीच्या टेबलावर बसणार आहे.