थंडीतली वाफ

नेरळहून माथेरानला चढणारी दोन फुटी रुळांवरची गाडी आपल्या ओळखीची. तेवढ्याच रुंदीच्या रुळांवर दार्जिलिंगची गाडी १८८१ पासून डोंगर चढते आहे. तिथल्या काही फेऱ्यांना आजही कोळशाचं इंजिन जोडतात. या ‘बी’ वर्गातल्या इंजिनांची बांधणी सुरू झाली १८८९ साली. त्यांचे फोटो काढायला मी जातो, तो मात्र जानेवारीत.

घरचे म्हणतात, एवढ्या गारठ्यात कशाला? मी त्यांना चहाची किटली दाखवतो. तोटीच्या तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते, पांढरा लोट तिच्या पुढे सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत असते, ती दिसत नाही. गार हवा लागून तिचे थेंब झाले, की मग आपण म्हणतो, वाफ आली! उन्हाळ्यात विरून जाणारी हीच वाफ जानेवारीच्या सकाळी ढगासारखी इंजिनाभोवती रेंगाळते. ऊन समोरून आलं, तर तिच्या कडा पेटल्यासारख्या उजळतात.

थंडी त्याची किंमतही घेते. बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायची. आणि उबदार चहाच्या दुकानात शिरताना कॅमेरा पिशवीतच राहू द्यायचा, नाहीतर भिंगावर बाष्प धरलंच म्हणून समजा.

बतासियाच्या वळणावर, मागे कांचनजंगा घेऊन, फोटो सगळेच काढतात. मी थांबतो घूमच्या चढावर. घूम स्टेशन ७,४०७ फुटांवर. सकाळी रूळ दवानं ओले असतात, चाकं जागच्या जागी गरगरतात. तेव्हा इंजिनाच्या अगदी पुढे बसलेली माणसं हातानं रुळांवर वाळू टाकतात. चाकं पकड घेतात, गाडी हलते.

एकदा ऐन क्षणी वारा फिरला आणि वाफेनं अख्खं इंजिन गिळलं. मी चरफडलो. घरी येऊन पाहिलं, तर सगळा फोटो पांढरा. खालच्या कोपऱ्यात फक्त एक उघडा हात, आणि बोटांमधून सुटलेली वाळू.

इंजिनांचे शेकडो फोटो आहेत माझ्याकडे. त्या माणसाचा हा एकच, त्यातही चेहरा नाही. येत्या जानेवारीत आधी त्याला विचारून त्याचा फोटो काढीन. इंजिनाचं मग बघू.