झाशी : गाडीतून उतरून पाहावे असे शहर

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी एखाद्या शहराची थोरवी गायची, तर ते शहर पुणे, नाशिक किंवा कोल्हापूर असावे अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही मात्र झाशीविषयी बोलणार आहोत. आपल्यापैकी बहुतेकांनी झाशी पाहिली आहे ती मुंबई-दिल्ली प्रवासात, आगगाडीच्या खिडकीतून, चहाचा पेला हाती घेऊन! २०२१ च्या अखेरीस त्या स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. तरीही तेथे उतरणारा प्रवासी बहुधा ओरछा किंवा खजुराहोची वाट धरतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले आणि मग एकदा, जरा उशिराच शहाणपण सुचून, दोन दिवस झाशीत मुक्काम केला.

किल्ला तर पाहावयाचाच. ओरछाच्या वीरसिंहदेवांनी तो १६१३ मध्ये बांधला. १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारोशंकर येथे आले व त्यांनी त्याचा विस्तार केला. तो भाग शंकरगड म्हणून ओळखला जातो. गोदाकाठच्या ज्या मंदिराची घंटा पुरात बुडते की नाही हे नाशिककर आजही पाहतात, ते मंदिर याच नारोशंकरांचे. पुढे कोकणातल्या कोट गावचे नेवाळकर झाशीचे सुभेदार झाले. कडक बिजली तोफेपाशी उभे राहून १८५८ चा वेढा आठवला, की कंठ दाटून येतो. परंतु तेथूनच माघारी फिरणाऱ्यास अर्धीच झाशी दिसते. तटावरून खाली पसरलेली जी दाट वस्ती दृष्टीस पडते, तिच्यात उतरावयास हवे.

आम्ही सकाळी बडा बाजारात शिरलो. अरुंद रस्ता, दुतर्फा दुकाने, कढईतून निघणारी गरम जिलबी, पितळी भांड्यांचा खणखणाट, आणि कानी पडणारी ती गोड, जरा हेल काढून बोललेली बुंदेली! कोणी आम्हाला प्रवासी म्हणून अडविले नाही की काही विकण्यासाठी मागे लागले नाही. नावाजलेल्या शहरांत हे सुख दुर्मीळ झाले आहे. जवळच राणीमहाल आहे. संस्थान खालसा झाल्यावर किल्ला सोडून राणीसाहेब याच दुमजली वाड्यात राहिल्या. त्याच्या दरबारी दालनात फुलापक्ष्यांची रंगीत नक्षी आहे. चौकात मांडलेली प्राचीन शिल्पे तर नवव्या ते बाराव्या शतकांतली. चौसोपी वाड्याची सवय असलेल्या मराठी डोळ्यांना तो चौक अनोळखी वाटत नाही.

पण ज्यासाठी आज आपला वेळ घेतला, ते या बाजारातच आहे. नेवाळकरांच्या काळातले मुरलीमनोहराचे एक मंदिर येथे आहे. त्याच्या गाभाऱ्यात कृष्णाच्या एका बाजूस राधा आहे आणि दुसऱ्या बाजूस रुक्मिणी. आम्ही क्षणभर थबकलो. राधा व्रजभूमीची, त्या मुलखाच्या गीतांची. रुक्मिणी म्हणजे आपली पंढरीची रखुमाई, विदर्भाची लेक. परमुलखात आलेल्या मराठी माणसांनी आपल्या रुक्मिणीला दूर केले नाही, आणि तेथल्या राधेलाही परके मानले नाही. शास्त्रार्थ काय तो पंडितांनी करावा. आम्हाला त्या गाभाऱ्यात दूरदेशी संसार मांडलेल्या माणसांचे शहाणपण दिसले.

या शहराने भोगलेलेही थोडे नाही. पेणजवळच्या वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेस निघाले आणि वेढ्याच्या वेळी झाशीत अडकले. ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रजी फौज शहरात घुसली. त्यानंतरची कत्तल, लूट आणि जपून ठेवलेल्या ग्रंथसंग्रहाचा नाश त्यांनी ‘माझा प्रवास’ या पुस्तकात नोंदविला आहे. ज्या गल्ल्यांतून प्रेते उचलावी लागली, त्याच गल्ल्यांत आज दुकानांच्या फळ्या उघडतात आणि मुले दप्तरे घेऊन शाळेस जातात. शहर पुन्हा उभे राहिले, ही गोष्ट पराक्रमाइतकीच मोठी आहे, आणि ती बाजारात पायी हिंडल्यावाचून कळत नाही.

संध्याकाळी लक्ष्मीतालाकडे गेलो. तेथे गंगाधररावांची छत्री आहे. नाटकाचा आणि ग्रंथांचा शौक असलेले हे राजे १८५३ मध्ये निवर्तले, आणि इतिहासाने त्यांना राणीच्या सावलीत ठेवले. तलावावरून वारा येत होता. शहराच्या दरवाजांपैकी एकाचे नाव खंडेराव दरवाजा असल्याचे दुपारीच कळले होते. घरापासून इतक्या दूर जेजुरीच्या देवाचे नाव असे सहज भेटावे, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, त्यांना एकच चिंता होती : येथे आपले काय उरणार? आज आपली नातवंडे गणपतीची आरती अडखळत म्हणतात, तेव्हा तीच चिंता आपल्यालाही ग्रासते. आमच्यापाशी तिचे पूर्ण उत्तर नाही. पण बडा बाजारातला तो गाभारा आम्ही पाहिला आहे. राज्य गेले, सुभेदार गेले, ग्रंथ जळाले. राधेशेजारी रुक्मिणी मात्र आपल्या जागी उभी आहे. तिला तेथे ठेवणाऱ्यांनी शेजारणीसाठी जागा केली, म्हणूनच कदाचित तिची जागा टिकली.

तेव्हा पुढील वेळी मायदेशी जाल आणि झाशीचा फलाट येईल, तेव्हा चहा पिऊन खिडकी लावून घेऊ नका. मुलांचा हात धरून खाली उतरा. किल्ला त्यांना इतिहास सांगेल. बाजार त्यांना त्यांची स्वतःची गोष्ट सांगेल.