झाडू बांधायची लाज कसली?



परवा एका गावी आम्ही गेलो होतो. पारावर एक म्हातारबाबा भेटले. म्हणाले, "पोरगं कॉलेजात गेलं. आता त्याला खुरपं धरायची लाज वाटते. असलं कसलं हो शिक्षण?"

बाबांचे बोलणे मनाला लागले. म्हणून आज तुम्हांला एका कॉलेजाची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत केंटकी नावाचे राज्य आहे. तिथल्या बेरिया गावी हे कॉलेज आहे. १८५५ साली जॉन फी नावाच्या पाद्र्याने तिथे एक लहानशी शाळा काढली. गुलामगिरी मोडावी, काळ्या-गोऱ्यांनी एकत्र शिकावे, असे त्याचे म्हणणे. त्या शाळेचेच पुढे कॉलेज झाले. डोंगराळ मुलखातली गरिबांची पुष्कळ मुले-मुली तिथे शिकतात. शिकवणीची फी भरावी लागत नाही. पण एक अट आहे. प्रत्येकाने अभ्यास सांभाळून आठवड्याला निदान १० तास काम करायचे. त्याची मजुरीही मिळते.

काम कसले? कोणी शेतात राबतो. कोणी मागावर विणते. कोणी सुतारकाम करतो, कोणी कचेरीत लिहिते. आणि कोणी चक्क झाडू बांधतो! ते झाडू विकलेही जातात.

कामावर देखरेख असते. पोरगा वेळेवर येतो का, चार जणांत मिळून वागतो का, चूक सुधारतो का, हे पाहतात. अभ्यासासारखे कामालाही गुण देतात. त्याचा दाखला पुढे नोकरी मागताना उपयोगी पडतो.

दर वर्षी तिथे 'श्रमदिन' साजरा होतो. चांगले काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या दिवशी बक्षिसे देऊन गौरवतात.

हा विचार आपल्याला परका नाही बरं का! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. 'कमवा आणि शिका' हा धडा त्यांनीच दिला. त्यांची मुले राबत राबत शिकली.

बाबांना आम्ही म्हटले, "दोष शिक्षणाचा नाही. कामाला मान द्यायचं आपणच विसरलो."

पहिल्या आलेल्या मुलाला आपण नारळ देतो. सुट्टीत रोजंदारी करून वह्या-पुस्तके घेणाऱ्या मुलीला कधी दिला का?

तर मंडळी, येत्या १५ ऑगस्टला शाळेत दोन नारळ न्या. एक पहिल्या आलेल्याला. दुसरा राबून शिकणाऱ्याला.