धुराचे निदान



संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे मालमोटारीच्या धुराविषयी बोलायला उभे राहणे हे थोडे धाडसच आहे. परंतु 'जालना सोने का पालना' म्हणविणाऱ्या या गावाचा पाळणा आज बऱ्याच अंशी मालमोटारी हलवीत आहेत, हे आपणही मान्य कराल. कारखान्यांतल्या सळया, मोंढ्यातले धान्य, बियाण्यांच्या थैल्या, शेतकऱ्यांची मोसंबी हे सारे डिझेलच्या जोरावर गावाबाहेर पडते. माल बाहेर जातो. धुराचा वाटा मात्र आपल्या पदरी राहतो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. तेव्हा हा विषय केवळ मिस्त्रीचा नव्हे, आपणा सर्वांचा आहे.

रुडॉल्फ डिझेल यांना त्यांच्या एंजिनाचे जर्मन पेटंट १८९३ साली मिळाले. आपल्याकडे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली, आणि विहिरीवरच्या एंजिनाची फटफट पुढे शेतकऱ्याच्या कानाला सनईसारखी गोड लागू लागली. त्या एंजिनाचे दुखणे धुराच्या रंगावरून कळत असे. काळा धूर निघाला की हवा कमी किंवा तेल जास्त. निळसर निघाला की वंगण जळते आहे. गरम एंजिनातूनही पांढरा निघत राहिला की तेल न जळताच बाहेर पडते आहे, नाही तर पाणी आत शिरले आहे. जाणता मिस्त्री बांधावरूनच निदान सांगे.

आता काळ पालटला. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली. नव्या गाडीचा धूर डोळ्यांना बहुधा दिसतच नाही. म्हणून तिचा दोषही डोळ्यांना दिसत नाही. तो दर्शविणारा एक पिवळा दिवा चालकापुढे तेवढा पेटतो. आजचा आमचा विषय तो दिवा आहे.

प्रथम दोन विषांची ओळख करून घेऊ. चुलीत ओले लाकूड घातले, जाळ मंद झाला, की काजळी धरते. जाळ प्रखर केला की काजळी जाते. पण एंजिनाच्या पोटात उष्णता फार वाढली की हवेतलाच नत्रवायू प्राणवायूशी संयोग पावतो आणि नत्राची ऑक्साइडे तयार होतात. ती छातीला अपायकारक. एकीला दाबावे तर दुसरी डोके वर काढते, अशी ही दोन सवतींची गोष्ट आहे. त्यांच्यासाठी तीन योजना केलेल्या असतात. धुराचा थोडा भाग पुन्हा एंजिनात सोडून जाळ सौम्य करायचा, ही पहिली. हिला ईजीआर म्हणतात. काजळी गाळणीत धरायची आणि सुमारे ६०० अंश उष्णतेवर जाळून टाकायची, ही दुसरी. आणि युरियाचे द्रावण धुरात फवारून, त्यातून निघणाऱ्या अमोनियाकरवी त्या ऑक्साइडांचा पुन्हा निरुपद्रवी नत्रवायू आणि पाणी करायचे, ही तिसरी. या साऱ्यांवर पहारा ठेवणारे संवेदक जागोजागी बसविलेले असतात. त्यांपैकी एकाने तक्रार केली की दिवा लागतो.

येथेच पहिली चूक होते. स्कॅनरवर संकेत उमटतो, त्यात एका भागाचे नाव असते, आणि आपण तो भाग बदलून मोकळे होतो. पण संकेत म्हणजे निदान नव्हे. ताप हे जसे लक्षण, तसा हा संकेत. लक्षण कोठे दिसले एवढे तो सांगतो. रोग कोठे आहे हे शोधावे लागते. दुसरी चूक याहून घातक. गाडी आली की काही जण आधी संकेत पुसून टाकतात. दोष उमटला तेव्हा वेग किती, भार किती, उष्णता किती, याची नोंद एंजिनाच्या संगणकाने ठेवलेली असते. तीही त्याबरोबर पुसली जाते. पंचनामा होण्याआधी जागा सारवून टाकावी, तसा हा प्रकार आहे.

एक उदाहरण घेऊ. काजळीची गाळणी भरल्याचा संकेत आला. गाळणी महाग असते, म्हणून तिच्याकडे सर्वांत शेवटी वळावे. पहिला प्रश्न असा, की ती खरोखरच भरली आहे काय? गाळणीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजणारा एक संवेदक असतो. एंजिन बंद करून नुसती किल्ली फिरविली तर दोन्हीकडचा दाब सारखाच असला पाहिजे, म्हणजे फरक शून्य दिसला पाहिजे. तो शून्य दिसत नसेल तर साक्षीदारच खोटे बोलतो आहे. त्याच्या बारीक नळ्या चिरल्या किंवा चोंदल्या तरीही माप चुकते. फरक खरा असेल तर दुसरा प्रश्न: भरली ती कशाने? काजळी जळते, वंगणाची राख जळत नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे वंगण सांगितलेले असते. तिसरा प्रश्न: एवढी काजळी आली कोठून? हवेची जाळी तुंबली असेल, टर्बोचा रबरी पाइप फाटला असेल, इंजेक्टर ठिबकत असेल. हे न पाहता नवी गाळणी बसविली तर थोड्याच दिवसांत तीही भरते. आणि कधी दोष यंत्राचा नसतोच. कारखान्याच्या फाटकाशी तासन् तास एंजिन चालू ठेवून गाडी उभी राहिली, तर धुराला काजळी जाळण्याइतकी उष्णता येतच नाही. तीच गाडी समृद्धी महामार्गावर भार घेऊन काही वेळ एका चालीने धावली, की काजळी जळण्यास अनुकूल स्थिती येते.

दुसरे उदाहरण युरियाचे. नत्राची ऑक्साइडे कमी होत नाहीत, असा संकेत आला. आधी टाकीतला एक थेंब अपवर्तनमापकावर ठेवून पाहावा. द्रावणात युरिया शेकडा ३२.५ असावा लागतो. शेतकऱ्याच्या घरी युरियाचे पोते असते आणि अंगणात बोअर असतो, म्हणून द्रावण घरीच कालवावे असा मोह होतो. परंतु शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, आणि बोअरच्या पाण्यातले जे क्षार हंड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतात, तेच येथे फवारा चोंदवितात आणि उत्प्रेरक निकामी करतात. द्रावण शुद्ध निघाले तर फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरे खडे साचले आहेत काय, धुराची नळी कोठे गळते काय, हे पाहावे. त्यानंतर एक युक्तीची परीक्षा आहे. नत्राच्या ऑक्साइडांचा संवेदक अमोनियालाही ऑक्साइडच समजतो. तेव्हा फवारा थोडा वेळ कमी करून पाहावे. आकडा उतरला तर अमोनियाच जास्त होऊन निसटत होता. चढला तर ऑक्साइडे खरीच होती. एवढे सारे झाल्यावर संवेदक आणि उत्प्रेरक यांच्याकडे वळावे. स्वस्त तपासणी आधी, महाग बदल नंतर, हाच या शास्त्राचा नियम.

पण मालकाची अडचणही आम्ही जाणतो. युरियाची यंत्रणा बिघडली की काही काळाने एंजिनाची ताकद आपोआप घटविली जाते. माल रस्त्यात अडकतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी कोणी तरी एक लहानशी डबी पुढे करतो. ती लावली की संगणकाला सारे आलबेल असल्याचे खोटे आकडे मिळतात. दिवा विझतो, युरियाचा खर्चही वाचतो, आणि विष तेवढे पूर्ववत बाहेर पडत राहते. अशी गाडी पीयूसीच्या तपासणीत उत्तीर्णही होऊ शकते. कारण डिझेल गाडीच्या त्या तपासणीत धुराचा काळेपणा मोजतात. नत्राची ऑक्साइडे त्यात मोजली जात नाहीत. रस्त्यावर त्या विषाचा साक्षीदार एकच, तो संवेदक. आणि आपण त्याचेच तोंड बांधतो.

हा मोह गरजू मालकालाच होतो असे नव्हे. चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी आज्ञावली फोक्सवॅगन या बलाढ्य जर्मन कंपनीने आपल्या डिझेल मोटारींत घातली होती. अमेरिकी सरकारने ते सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आणले. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख मोटारी त्यात निघाल्या. पुण्याच्या एआरएआय या संस्थेनेही तपासणी केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. लबाडी पकडली गेली ती प्रयोगशाळेत नव्हे, मोटार प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजला तेव्हा.

कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे धुराचे नियम मोडल्यास पहिल्या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण आमचा भरवसा कायद्यापेक्षा चांगल्या मिस्त्रीवर अधिक आहे. जो मिस्त्री कारण शोधतो, तो मालकाचा पैसा वाचवितो आणि गावाचा श्वासही वाचवितो. त्याच्या या शोधाला वेळ लागतो, आणि त्या वेळेची मजुरी देताना आपण कुरकुरतो. सुटा भाग मात्र हजारो रुपये मोजून मुकाट्याने घेतो. ही आपली रीत बदलली पाहिजे. ज्या मिस्त्रीच्या बापाने धुराच्या रंगावरून विहिरीवरचे एंजिन ओळखले, त्याच्या हातात आज स्कॅनर आहे. त्याने तीच जुनी जिज्ञासा ठेवावी, आणि आपण तिचे मोल द्यावे. दिवा विझविणे सोपे आहे. तो का लागला हे विचारणे अवघड आहे. ते अवघड काम करणाऱ्यास मान द्या, एवढीच विनंती.