स्टेरॉइड औषधे : घेण्याची आणि सोडण्याची रीत

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहे, असे त्यांना सांगून पाहिले. परंतु आमच्या घरी जे घडले ते इतरांच्याही घरी घडू शकते, असे त्यांचे म्हणणे पडले. म्हणून हे धाडस करीत आहे.

माझ्या थोरल्या भगिनी, आक्का, यांस गुडघेदुखीचा जुनाट विकार. परगावच्या एका औषधवाल्याची ख्याती ऐकून त्यांनी पुड्या मागविल्या. निव्वळ झाडपाल्याचे औषध आहे, असे सांगण्यात आले होते. आठ दिवसांत आक्का जिना चढू लागल्या. भूक वाढली, चेहरा वाटोळा व भरदार झाला, आणि प्रकृती सुधारली म्हणून आम्ही सर्वांनी समाधान मानिले. दहा महिन्यांनी पुड्या संपल्या. नव्या येण्यास विलंब झाला. चारपाच दिवसांत त्यांस अन्न जाईना, उलट्या सुरू झाल्या, आणि एके सकाळी देवघरातच त्या भोवळ येऊन पडल्या. रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी वाटोळा चेहरा, कागदासारखी पातळ त्वचा व दंडावरील काळेनिळे डाग पाहून पहिलाच प्रश्न केला, "या कोठली पुडी घेत होत्या काय?" पुढे शिरेवाटे त्यांनी जे औषध दिले, तेही स्टेरॉइडच होते. ज्याने घात केला त्यानेच प्राण कसे वाचविले, हे कोडे मला तेव्हा उलगडेना.

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी असते. तीस अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. कॉर्टिसोल नावाचा रस ती रोज, विशेषेकरून पहाटेच्या सुमारास, रक्तात सोडते. आजारपण, शस्त्रक्रिया, अपघात अशा प्रसंगी शरीर तग धरते ते पुष्कळसे याच रसाच्या बळावर. त्याच जातीचे द्रव्य बाहेरून मोठ्या प्रमाणात येऊ लागले की मेंदूकडून ग्रंथीस जाणारा हुकूम थांबतो आणि ग्रंथी निजते. आयता पैसा मिळू लागलेला मुलगा कामधंदा सोडतो, तसाच हा प्रकार. तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले औषध एकाएकी सोडले, तर ती तत्काळ उठत नाही. कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणूनच डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवितात.

मुळात हे औषध लबाडीचे नव्हे. संधिवाताच्या रुग्णास कावीळ झाली असता सांध्यांची वेदना कमी होते, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच यांच्या १९२९ मध्ये ध्यानात आले. पुढे त्यांचे सहकारी केंडॉल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून शोधून काढलेले कॉर्टिझोन त्यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये, संधिवाताने जर्जर झालेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीस टोचले. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली! १९५० साली या दोघांस आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांस नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु वाटोळे चेहरे, रक्तातील वाढलेली साखर, ठिसूळ झालेली हाडे हेही लवकरच दिसू लागले. कारण हे औषध दाह शमविते, रोगाचे मूळ उपटीत नाही. आणि दाहाबरोबर जंतूंशी झुंजण्याची शक्तीही दबते.

कोविडच्या साथीत याची दोन्ही रूपे आपण पाहिली. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत असे आढळले की, रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांस प्राणवायूही लागत नव्हता, त्यांस मात्र काही लाभ झाला नाही. तरीही २०२१ मध्ये आपल्याकडे सौम्य आजाराच्या लोकांनी घरबसल्या या गोळ्या घेतल्या. मधुमेह असलेल्या कित्येकांस काळ्या बुरशीने गाठले व काहींचे डोळे गेले.

उलट बाजूचे अज्ञानही कमी नाही. दम्याच्या मुलास डॉक्टरांनी पंप दिला की, "त्यात स्टेरॉइड आहे" म्हणून आजी तो कपाटात ठेवते. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते व थेट श्वासनलिकेत जाते. ओढल्यावर चूळ भरावी, एवढे पुरते. मुलाची धाप वाढू देणे त्याहून फार धोक्याचे. गोरेपणासाठी किंवा नायट्यावर दुकानातून आणलेल्या मलमाचे भय मात्र अवश्य बाळगावे. खाज थांबते, नायटा आत पसरत राहतो.

ज्यांच्या घरी अशा पुड्या असतील, त्यांनी हे ऐकून आज रात्रीच त्या फेकून देऊ नयेत. पुडी घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जावे व किती दिवस घेतली ते न लाजता सांगावे. आक्कांची गोळी उतरवावयास सात महिने लागले. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. भगिनींस अधिक विचारावयाचे असल्यास भोजनानंतर त्यांनाच विचारावे. माझ्यापेक्षा त्या हे सारे अधिक चांगले सांगतात.